भोंग्यावरची कादंबरी

आमच्या कॉलेजात दर शनिवारी वाचन कट्टा भरतो. कट्टा म्हणजे वरच्या मजल्यावरची मराठीची वर्गखोली. फळ्यावर रंगीत खडूने तसं लिहिलेलं असतं आणि खाली उघड्या पुस्तकाचं एक चित्र. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बोरी अरबहून एसटीने दारव्ह्याला येते, आणि शनिवारी दुसरा एकही तास नसला तरी येते, कारण कट्ट्याची हजेरी लागते. हल्ली फावल्या वेळात काय वाचलं ते प्रत्येकाने उभं राहून सांगायचं, आणि बाकीच्यांनी ते का वाचावं हेही सांगायचं. सांगून झालं की टाळ्या. टाळ्यांचा फोटो. फोटो ग्रुपवर.

मला या कट्ट्याचा तिटकारा आहे, हे आधीच सांगून टाकते. पहिल्या बाकावर एक पोट्टा बसतो. पहाटे उठणारे लोक आयुष्यात कसे पुढे जातात यावरची पुस्तकं तो दर आठवड्याला सांगतो, दर वेळी नवं पुस्तक आणि तीच पहाट. हा गडी सकाळच्या पहिल्या तासाला वेळेवर आलेला मी आजवर पाहिलेला नाही. त्याच्या मागची मुलगी मनाच्या शक्तीवरची पुस्तकं सांगते. ती कुठून पाठ करते ते मला ठाऊक आहे, कारण तोच दहा मिनिटांचा व्हिडिओ मीही पाहिलाय. सांगताना तिचा आवाजसुद्धा त्या व्हिडिओतल्या माणसासारखा होतो. शेवटी 'बेल आयकॉन दाबायला विसरू नका' एवढंच म्हणायचं ती बाकी ठेवते.

आणि आमचे सर. कोणी काहीही सांगितलं तरी सरांचा एकच प्रश्न, "छान. यातून आपल्याला काय शिकायला मिळतं?" मग तो पोट्टा म्हणतो, जिद्द. ती मुलगी म्हणते, सकारात्मकता. सर मान डोलवतात आणि फळ्यावर लिहितात. वर्ष संपेपर्यंत त्या फळ्यावर जगातले सगळे गुण येऊन गेले असतील. एकाही पुस्तकातलं एकही माणूस आलं नाही. कोणाला भूक लागली, कोण खोटं बोललं, कोण घर सोडून गेलं, काही नाही. मला तर शंका आहे की सरांनीही गेल्या कित्येक वर्षांत रविवारच्या पुरवणीपलीकडे काही वाचलेलं नाही.

हे सगळं मी नाक मुरडून सोडून दिलं असतं. पण या पावसाळ्यात असलीच एक शिफारस आमच्या घरी येऊन पोचली.

माझी मोठी बहीण घाटंजीला दिली आहे. जावयाचं मोबाईलचं दुकान आहे. त्यांच्या घरी एका बारशाला पाहुणे जेवायला बसलेले असताना ताईने त्याला बाहेर येऊन सांगितलं की गॅस संपला. चारचौघांत सांगितलं म्हणून त्याने चारचौघांतच तिच्या कानाखाली मारली. ती पहिली वेळ नव्हती, पण त्या आधीच्या वेळा आतल्या खोलीतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ताई एक पिशवी घेऊन एकटीच एसटीने आमच्या दारात आली. तिच्या सासरच्यांनी निरोप धाडला की आषाढी पौर्णिमा जवळ आली आहे, वर्षावासाचे महिने पवित्र असतात, राहू द्या तिला माहेरी. आश्विनी पौर्णिमा झाली की घ्यायला येतो. जसं काही त्यांनी तिला सुट्टीच मंजूर केली होती.

बाबा म्हणाले, "पाहू." बाबांचं 'पाहू' म्हणजे आई ठरवील ते. आणि आईचं ठरलेलं होतं. "संसारात थोडंफार चालतेच. जाईन ते. जाऊन राह्यल्याशिवाय का होते?" असं ती शेजारणींना सांगायची, ताईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

अशात जावयाचा एक मेसेज आला. माफी नाही, काही नाही. एक पीडीएफ. स्वतःला बदला म्हणजे घर आपोआप सुखी होतं, अशा अर्थाचं काहीतरी पुस्तक, आणि खाली लिहिलेलं, 'वाच. मस्त आहे. मी पण वाचून राह्यलो.' ताईने फोन माझ्याकडे दिला. मी दोन पानं वाचली. आमच्या फळ्यावरचे सगळे गुण त्यात होते. मला इतका संताप आला की मी ते पुसून टाकलं, मग ताई शांतपणे म्हणाली, "पुसून का होते? तो पुन्हा धाडीन." आणि खरंच, त्याने पुन्हा धाडलं.

आता बुद्धविहाराचं सांगते. वर्षावासाचे तीन महिने आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. बायका पांढऱ्या साड्या नेसून सतरंजीवर बसतात, आधी वंदना होते, मग चौरंगावर पांढऱ्या कापडात ठेवलेला ग्रंथ उघडायचा आणि माईकवर वाचायचं. वर भोंगा लावलेला असतो, म्हणजे जो आला नाही त्यालाही घरात ऐकू जातं. त्या दिवसाचा भाग संपला की सगळे हात जोडून तीनदा 'साधू', म्हणजे 'छान झालं', असं म्हणतात. वाचायला निवृत्त गुरुजी असायचे. गुरुजी एक ओळ वाचत आणि तिच्यावर पाऊण तास स्वतःच्या नोकरीतल्या बदल्या सांगत. कुठल्या गावच्या शाळेत छप्पर गळत होतं हे वस्तीतल्या लेकराबाळांना पाठ झालं होतं, ग्रंथात काय आहे ते मात्र कोणाला नीट ठाऊक नव्हतं. यंदा त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डोळ्यावर पट्टी आली, म्हणून त्यांनी मला बोलावलं. "कॉलेजात जाते ना तू? मंग वाच."

मी वाचलं. जसं लिहिलंय तसं, मध्ये एक शब्द न घालता. त्यामुळे झालं असं की ग्रंथ आश्विनी पौर्णिमेच्या बरेच दिवस आधीच संपला. असं पूर्वी कधी झालेलं नव्हतं. बायका माझ्याकडे अशा पाहू लागल्या जशी मी त्यांची संध्याकाळ चोरली. गुरुजी म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून लाव. मी म्हटलं, "मी दुसरं एक पुस्तक वाचू का? गोष्टीचं?"

त्यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी ठरलं ते असं: गोष्टीचं पुस्तक चौरंगावर ठेवायचं नाही. पांढऱ्या कापडालाही लागू द्यायचं नाही. वाचणारीने खाली सतरंजीवर बसायचं. माईक मात्र राहू द्यायचा, कारण सातला भोंगा वाजला नाही तर अर्ध्या वस्तीला स्वयंपाकाला कधी लागायचं ते कळत नाही. बंधनं घालायची तर अशी घालायची आमच्या लोकांनी.

मी आणली ती कादंबरी आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मागच्या कपाटात होती. ते कपाट उघडायला सांगितलं तर चावी सांभाळणारे काका माझ्याकडे असे बघतात की जणू मी त्यांच्या घरातली तिजोरी उघडायला सांगितली. पुढची सगळी कपाटं स्पर्धा परीक्षेची. मागच्या एका कपाटात कादंबऱ्या, त्यांवर धूळ. ही मी आधी दोनदा वाचली होती आणि मला ती फार आवडत होती. नदीकाठच्या गावातली एक बाई, तिचा नवरा तिची ट्रंक अंगणात फेकतो, ती भावाकडे जाते, शिवणकाम करून राहते, नवरा कधी माफी मागत नाही, आणि शेवटी ती आपण होऊन परत जाते. भांडण नाही, रडारड नाही. ती फक्त परत जाते. मला तो शेवट थोर वाटायचा. पुस्तकाचं नाव इथे सांगत नाही. का ते पुढे कळेल.

पहिल्या संध्याकाळी मी पहिलं प्रकरण वाचलं. ट्रंक फेकली, झाकण उघडलं, लुगडी चिखलात पडली, बाई ती एकेक करून उचलू लागली. तिथे प्रकरण संपतं. मी थांबले. आणि सगळ्या बायकांनी हात जोडून भोंग्यावर एका सुरात म्हटलं, "साधू! साधू! साधू!"

बाहेर पानठेल्यावर बसलेले गडी हसले ते मला आत ऐकू आलं. माझं डोकंच फिरलं. "काहून म्हनता साधू? नवऱ्यानं बाईले घराबाहेर काढलं, त्याले साधू म्हनता?"

"भाग सरला ना व बाई," शेजारची आजी म्हणाली, "सरल्यावर म्हना नाई लागत काय?" आणि मग पुढे सरकून तिने विचारलं, "पन ते ट्रंक तिनं उचलली का? का तशीच पडून हाये अंगनात?"

 वर्षभर कट्ट्यावर बसून हा प्रश्न मी एकदाही ऐकला नव्हता. पुढे काय झालं, असं त्या वर्गात कोणीही, कधीही, कोणालाही विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बायका वेळेआधी येऊ लागल्या. भावजय कशी वागेल यावर पैजा लागल्या. शिलाई मशीन घ्यावी की नाही यावर दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. साधू म्हणायचं काही सुटलं नाही, पण आता जिथे मनाला येईल तिथे म्हणू लागल्या. भावजयीने ताट आपटलं तेव्हा कोणी म्हटलं नाही. बाईने पहिलं पोलकं शिवून दिलं तेव्हा सगळ्यांनी म्हटलं. ताई रोज येऊन मागे भिंतीला टेकून बसायची, वाचन चालू असेपर्यंत मान वर करायची नाही आणि घरी जाताना त्यावर एक अक्षर बोलायची नाही. आई मात्र पुढे बसायची.

मधल्या शनिवारी कट्ट्यावर माझी पाळी आली. मी उठले आणि तीच कादंबरी सांगितली. ट्रंक, नदी, शिवणकाम, सगळं सांगितलं. शेवट अटळ आहे, लेखकाने एकही जास्तीचा शब्द लिहिला नाही, असं म्हटलं. मला वाटलं निदान एक जण तरी विचारील. पहिल्या बाकावरच्याने विचारलं, "पीडीएफ आहे काय?" मागचीने विचारलं, "किती पानं आहेत?" आणि सरांनी विचारलं, यातून काय शिकायला मिळतं.

"काही नाही सर," मी म्हटलं. "एका बाईचं काय झालं ते कळतं."

सर म्हणाले, जरा नकारात्मक वाटतं हे, पुढच्या वेळी विद्यार्थ्यांना प्रेरणा मिळेल असं काही निवडा. फळ्यावर त्यांनी काहीच लिहिलं नाही. टाळ्या मात्र झाल्या, कारण फोटो काढायचा होता. मी त्या फोटोत आहे. माझा चेहरा पाहिला तर कोणीही माझ्या हातचं पुस्तक घेणार नाही.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शेवटचं प्रकरण उरलं. दुपारी आई भाकरी थापत होती. ताई मागे कपडे वाळत घालायला गेली होती. आईने हात न थांबवता मला विचारलं, "ते बाई शेवटी जाते ना आपल्या घरी?"

"तुले कोनं सांगतलं?"

"दिसते ना. जाते का नाई ते सांग."

"जाते."

"मंग आज चांगलं वाच. सावकाश वाच. तिले आइकू दे. आपन सांगतलं तर आइकत नाई, पुस्तकातलं आइकन. परवा येऊन राह्यले ते लोकं."

मला कळेना हसावं की ओरडावं. माझी आई, जिने आयुष्यात कट्टा पाहिला नाही, तिने माझ्या आवडत्या कादंबरीची तीच गत केली जी सरांनी केली असती. यातून काय शिकायला मिळतं? बाईने परत जावं. आणि वाईट हे की ती चूक वाचत नव्हती. पुस्तकात तेच होतं. ताईला परत पाठवायला आई माझाच आवाज वापरणार होती, तोही भोंग्यावरून.

दुपारभर मी ते प्रकरण पुढे ठेवून बसले. शेवटची पानं गाळावी, असं मनात आलं. ती परत जात नाही असं तोंडी जोडून द्यावं, कोणाला कळणार होतं? पण पुस्तकं वाकवून आपल्या सोयीचं काढणाऱ्या लोकांना मी वर्षभर शिव्या घालत होते. मी वाकवलं असतं तर माझ्यात आणि त्या फळ्यात फरक काय राहिला असता? मी ठरवलं, आहे तसंच वाचायचं. ताईकडे मात्र बघायचं नाही.

संध्याकाळी विहार भरला होता.  बाईने मशीन भावजयीला दिली. ट्रंक भरली. नाव नदी ओलांडून गेली. गावात तिला कोणी काही विचारलं नाही. दार उघडंच होतं. तिने ट्रंक आधी आत ठेवली, मग स्वतः आत गेली. एवढंच. मी पुस्तक मिटलं.

कोणी साधू म्हटलं नाही. 

"अन् मंग?" शेजारची आजी म्हणाली.

"मंग काही नाही. संपलं."

"संपलं कसं? पानं फाटले असन."

तिने पुस्तक माझ्या हातातून ओढून घेतलं. ते हातोहात फिरलं. एकीने शिवण वाकवून पाहिली की पानं निसटली तर नाहीत. एकीने मागचं कोरं पान दिव्याकडे धरून पाहिलं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. मी त्यांना समजावून सांगितलं की हे असंच असतं, लेखकाने मुद्दाम तिथे थांबवलंय, पुढचं आपण समजून घ्यायचं, आणि तेव्हाच्या काळी असंच व्हायचं. माईक चालूच होता. सबंध वस्तीने माझं हे व्याख्यान ऐकलं.

मागून ताईचा आवाज आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"मुद्दाम गिद्दाम काही नाई. तिच्यासंगं आत जाले भेला तो लिहिनारा. बाहीरच उभा राह्यला अन् पुस्तक बंद करून निंघून गेला."

 मला ते पुस्तक इतकं आवडायचं, आणि त्या क्षणी मला त्याची शिसारी आली. आता मी ते कोणाला सुचवत नाही. कपाटात परत नेऊन ठेवलं आणि काकांनी कुलूप लावलं तेव्हा बरं वाटलं.  त्या संध्याकाळी आई उठून सतरंजीचा कोपरा झटकत राहिली, सगळ्या बायका निघून गेल्या तरी.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ताईचे सासरे आणि मोठा दीर जीपमधून आले. जावई जीपमध्येच बसून राहिला, मोबाईल पाहत. सासरे गोड बोलणारे आहेत. चहा पिताना त्यांनी पावसाची चौकशी केली, सोयाबीनची केली, मग बशी खाली ठेवून म्हणाले, "ईनबाई, झालं गेलं सोडा आता. पोरगी आपल्या घरी शोभते. तिची ब्याग भरा, दिवसाउजेडी पोचलेले बरे."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई माझ्याकडे पाहत नव्हती, आतल्या दारात उभ्या ताईकडेही पाहत नव्हती.

"ते बाई गेलती तशीच," आई म्हणाली. "ट्रंक घेऊन."

"कोनती बाई?" दीर म्हणाला.

"एक होती. कोनी काही बोललं नाई तिले. दार उघडं होतं. ते आत गेली." आई थांबली. तिचा आवाज भोंग्याशिवायही अंगणात ऐकू जाईल इतका चढला होता. "आत गेल्यावर का झालं, ते कोनालेच माईत नाई, भाऊ. लिहिनाऱ्याले नाई, वाचनारीले नाई. पुस्तकातल्या बाईचं मी विसरून जाईन. पन माही पोरगी तुमच्या दारातून आत गेली तर पुढचं मले कोन सांगन? तुम्ही सांगान? का तो जीपमधला सांगन?"

सासऱ्यांनी हसून पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "मी घरी खाटेवर होतो. भोंग्यावर मी पन आइकलं."

ब्याग भरायला कोणी उठलं नाही. ताई आतून आली, पाहुण्यांच्या पुढ्यातल्या कपबशा तिने उचलल्या आणि धुवायला मागे घेऊन गेली.